हेडस्टॉकवर नाव नसलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार कोठे घडली, हे कसे ओळखावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मडगावच्या ज्या घरातील आजोबा बोटीवर नोकरीला होते, त्या घरातून आपण एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या बसतात त्या टोकावर, नाव नाही, फक्त दोन बारीक भोके आहेत. नेक, म्हणजे गिटारीची लांब मान, जेथे बॉडीला जोडली आहे तेथील चार स्क्रूंच्या पत्र्यावर इंग्रजीत ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक, मेड इन जपान’ एवढेच कोरले आहे, क्रमांक नाही. समोर उभ्या रेघांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे, दोन पिकअपच्या, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागांच्या, जाळीखाली सोनेरी चमक दिसते, नटाला, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या तुकड्याला, लागूनच एक जादा फ्रेट, म्हणजे धातूची आडवी पट्टी, आहे, आणि खुंट्या एका बाजूला चार व दुसऱ्या बाजूला दोन अशा आहेत. विकणाऱ्यांनी ती ‘१९६२ ची फेंडर’, म्हणजे त्या नामांकित अमेरिकी कंपनीची, म्हणून दिली. नंतर एका परिचिताने ‘आयबानेझ असावी’ असे सांगितले. यांपैकी खरे काय, असे आपण विचारता.

मी गेली अनेक वर्षे पुण्यात गिटार दुरुस्तीचे काम करतो, आणि अशा बेवारशी गिटारी दर काही महिन्यांनी माझ्या टेबलावर येतात. आपण पाठवलेल्या वर्णनावरून आणि छायाचित्रांवरून माझे मत आधीच सांगून टाकतो : ही फेंडर नाही, आयबानेझही नाही. ही टेइस्को या जपानी कंपनीच्या घराण्यातील गिटार आहे, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहे, आणि ती टोकियोच्या मूळ कंपनीच्या हातची की हामामात्सुच्या कावाईने ती कंपनी घेतल्यानंतरची, एवढाच प्रश्न खरोखर शिल्लक राहतो. या मतापर्यंत मी कसा आलो ते पुढे सविस्तर लिहितो, कारण तीच रीत आपल्याला पुढच्या गिटारीलाही लावता येईल.

सर्वांत आधी नावाविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. त्या काळातील जपानी गिटारीवरचे नाव हे बहुधा विकणाऱ्याचे असे, घडवणाऱ्याचे नसे. अमेरिकेतील वा इंग्लंडमधील आयातदार जपानी कारखान्याला मागणी नोंदवी, आपल्या पसंतीच्या नावाची पितळी किंवा प्लास्टिकची पट्टी हेडस्टॉकवर ठोकून घेई, आणि तीच गिटार दुसऱ्या आयातदाराकडे दुसऱ्या नावाने जाई. टेइस्कोच्याच गिटारी अमेरिकेत टेइस्को डेल रे या नावाने तर विकल्या गेल्याच, पण किंग्स्टन नावानेही गेल्या, आणि इंग्लंडमध्ये वुलवर्थच्या दुकानांत त्या ऑडिशन या नावाने मिळत. इंग्लंडचे गिटारवादक हँक मार्व्हिन यांनी फेंडर हाती येण्यापूर्वी वाजवलेली अँटोरिया ही प्रत्यक्षात टोकियोच्या गुयाटोन कंपनीची होती. अँटोरिया हे लीड्स येथील एका घाऊक व्यापाऱ्याने लावलेले नाव. त्यामुळे आपल्या गिटारीवरची पट्टी हरवली याचे मला फारसे दुःख वाटत नाही. ती असती तर गिटार कोणी विकली हे कळले असते. कोणी घडवली याचा शोध तरीही लाकूड, लोखंड आणि तारा पाहूनच घ्यावा लागला असता.

आता मागच्या पत्र्याकडे येऊ. ‘मेड इन जपान’ ही अक्षरे पाहून लोक निर्धास्त होतात, पण ती कशासाठी कोरली गेली हे लक्षात घ्या. १८९० च्या जकात कायद्यापासून अमेरिकेत येणाऱ्या परदेशी मालावर तो कोणत्या देशाचा आहे हे लिहिणे बंधनकारक झाले, म्हणून निर्यातीच्या मालावर ही इंग्रजी अक्षरे येतात. जपानमध्येच विकायच्या गिटारींवर ती पुष्कळदा नसतात. म्हणजे हा पत्रा आपल्याला सांगतो की गिटार निर्यातीसाठी होती. बोटीवरच्या माणसाने ती नेमकी कोणत्या बंदरात घेतली हे त्यावरून ठरत नाही, पण घरच्यांच्या सांगण्याशी ते विसंगतही नाही. परवाना पद्धतीच्या काळात आपल्याकडे परदेशी गिटार दुकानात जाऊन सहज घेता येत नसे, आणि गोव्यातील व मुंबईतील अनेक वाद्ये अशाच तारवटींच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या, पेट्यांतून आलेली आहेत. ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ हे मात्र निव्वळ जाहिरातीचे वाक्य समजा. नेकच्या आत लोखंडी पट्टी बसवली आहे एवढाच त्याचा अर्थ आहे. ती पट्टी चावीने फिरवून नेकचा बाक काढता येतो असे त्यातून निघत नाही. असे पत्रे एकाहून अधिक जपानी कारखान्यांच्या गिटारींवर आढळतात, म्हणून त्यावरून कारखाना ठरवू नये. शिवाय हा पत्रा चार स्क्रूंवर उभा आहे, आणि चार स्क्रू काढून दुसरा पत्रा बसवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

‘१९६२ ची फेंडर’ हा दावा तर गिटार न उघडताही फेटाळता येतो. त्या वर्षीच्या स्ट्रॅटोकास्टरला, म्हणजे फेंडरच्या सर्वांत प्रसिद्ध नमुन्याला, सहाही खुंट्या एकाच बाजूला असतात, नटाजवळचा जादा फ्रेट, म्हणजे झीरो फ्रेट, तिला नसतो, आणि मागच्या पत्र्यावर क्रमांक असतो. नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजून दुप्पट करा : फेंडरच्या मोठ्या गिटारींत ते ६४८ मिलिमीटरच्या आसपास येते, गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या बहुतेक गिटारींत ६२८ च्या आसपास. साठच्या दशकातील अनेक जपानी गिटारींचे माप या दोहोंपैकी कशाशीच नीट जुळत नाही, कारण त्या नकला असल्या तरी डोळ्यांनी केलेल्या नकला होत्या, फूटपट्टीने केलेल्या नव्हत्या. फेंडरच्या नावाने जपानमध्ये अधिकृतपणे गिटारी बनू लागल्या त्या १९८२ पासून, मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यात, आणि सुरुवातीच्या गिटारींचे क्रमांक जेव्ही या अक्षरांनी सुरू होतात. म्हणजे ‘१९६२’ आणि ‘मेड इन जपान’ या दोन गोष्टी फेंडरच्या बाबतीत एकत्र येऊच शकत नाहीत. विकणाऱ्यांनी मुद्दाम फसवले असे मी म्हणत नाही. घरात वर्षानुवर्षे ‘आजोबांची फेंडर’ असे म्हटले गेले असेल, आणि पूर्वी आपल्याकडे कोणत्याही इलेक्ट्रिक गिटारीला लोक फेंडर म्हणत, जसे प्रत्येक फोटोप्रतीला झेरॉक्स म्हणतात.

आयबानेझचा तर्क त्यापेक्षा शहाणपणाचा आहे, पण तोही टिकत नाही. आयबानेझ हे नागोयाच्या होशिनो गाक्की या व्यापारी घराण्याचे नाव. त्यांच्या सत्तरच्या दशकातील बहुतेक गिटारी १९६० साली स्थापन झालेल्या याच फुजीगेनमध्ये घडल्या, आणि त्यांचे रूप अमेरिकी नमुन्यांच्या फार जवळ जाणारे होते. इतके जवळ की हेडस्टॉकच्या आकारावरून गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ साली आयबानेझच्या अमेरिकेतील वितरकावर दावा लावला, जो पुढे तडजोडीने मिटला. १९७५ नंतरच्या आयबानेझवर साधारणपणे एक अक्षर व सहा अंक असा क्रमांक असतो : अक्षर महिन्याचे, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, आणि पहिले दोन अंक वर्षाचे. मागे बी ७८ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर ती फेब्रुवारी १९७८ ची, एवढे सरळ. फुजीगेनच्याच मात्सुमोतो शहरातील मात्सुमोकू या दुसऱ्या कारखान्याने आरिया, वेस्टोन, व्हँटेज अशा अनेक नावांसाठी गिटारी घडवल्या आणि १९८७ मध्ये तो बंद पडला. हा कारखाना शिवणयंत्रांच्या लाकडी पेट्याही करत असे, आणि त्यांचे लाकूडकाम खरोखर पाहण्यासारखे आहे. आपल्या गिटारीत या दोन्ही कारखान्यांची एकही खूण नाही : क्रमांक नाही, अमेरिकी नमुन्याची काटेकोर नक्कल नाही, आणि पिकअप तर पूर्णपणे वेगळ्या कुळीचे आहेत.

टेइस्कोकडे मी वळलो तो त्या पिकअपमुळे. १९४६ साली अत्सुओ कानेको आणि दोर्यू मात्सुदा या दोघांनी टोकियोत ही कंपनी सुरू केली. एक हवाईयन गिटार वाजवणारा, दुसरा विजेचा जाणकार. तिच्या सुरुवातीच्या वाद्यांतही मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारी होत्या. साठच्या दशकात तिच्या गिटारींवर जे पातळ, चपटे पिकअप आले, त्यांच्या नक्षीदार झाकणाखाली सोनेरी वर्ख असतो आणि आत रबरासारखा लवचीक, चपटा चुंबक असतो. यालाच आज वादक ‘गोल्ड फॉइल’ म्हणतात आणि त्याचा खरखरीत, मोकळा आवाज शोधत फिरतात. अमेरिकी वादक राय कूडर यांनी आपल्या स्ट्रॅटोकास्टरवर टेइस्कोचा असा एक पिकअप बसवल्यानंतर त्याला विशेष मान मिळाला. सोनेरी वर्ख दिसला की टेइस्को, असा मात्र सरसकट निष्कर्ष काढू नका. शिकागोच्या हार्मनी कंपनीच्या गिटारींवर अमेरिकेतीलच टोलीडोच्या कारखान्यात बनलेले डीआर्मंड या नावाचे सोनेरी पिकअप असत, आणि गुयाटोननेही आपल्या परीने तसे काही केले. आपल्याकडे पिकअपबरोबर रेघांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, झीरो फ्रेट आणि चार-दोनची खुंट्यांची मांडणी अशा आणखी तीन गोष्टी हजर आहेत. चारही गोष्टी एकाच गिटारीवर असणे ही टेइस्कोची साठच्या दशकाच्या मध्यानंतरची सही म्हणावी लागेल.

१९६७ हे वर्ष येथे आडवे येते. त्या वर्षी पियानोसाठी प्रसिद्ध असलेल्या कावाईने टेइस्को विकत घेतली. जपानमध्ये व्हेंचर्स या अमेरिकी बँडच्या १९६५ च्या दौऱ्यानंतर इलेक्ट्रिक गिटारीचे वेडच लागले होते. मागणी भागवण्यासाठी कारखाने वाढले, आणि वेड ओसरू लागताच त्यांचे कंबरडे मोडले. मालकी बदलल्यावर आधीचे सुटे भाग काही फेकून दिले जात नाहीत, ते नव्या गिटारींत वापरले जातात. म्हणून १९६७ ते १९६९ या काळातील गिटारीत टेइस्कोचे पिकअप आणि कावाईच्या धाटणीची बॉडी अशी सरमिसळ भेटते, आणि ती पाहून कोणीतरी भाग बदलले असा आरोप करण्याची घाई करू नये.

आता गिटार उघडण्याविषयी. हे काम घरी करणार असाल तर आधी पेचकस बदला. ज्याला आपण स्टारचा स्क्रू म्हणतो, त्याची जपानी खाच आपल्या बाजारातील नेहमीच्या पेचकसाच्या टोकापेक्षा किंचित वेगळ्या घडणीची असते. नेहमीचा पेचकस जोर लावताच वर उसळतो आणि साठ वर्षांच्या मऊ लोखंडाची खाच गोल करून टाकतो. जपानी मापाचा पेचकस मिळतो, तो घ्या. मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसांकडेही तो सापडेल. तारा सैल करा, चारही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने काढा, आणि नेक ओढून न काढता हलकेच वर उचला. खोबणीत पाहण्यासारखे पुष्कळ असते : शिसपेन्सिलीने लिहिलेले आकडे, शाईचा शिक्का, नेकचा कोन साधण्यासाठी ठेवलेला जाड कागदाचा तुकडा, आणि जेथे ऊन कधी पोहोचले नाही तेथील रंगाची मूळ छटा. हा कागदाचा तुकडा फेकू नका. एका जपानी गिटारीत मला असा तुकडा कोणत्याशा जपानी खोक्यातून कापलेला मिळाला होता. त्यावरच्या चित्रलिपीच्या दोन अर्धवट अक्षरांनी जे सांगितले ते बाहेरच्या कोणत्याही खुणेने सांगितले नव्हते, निदान नेक जपानमध्येच बसवली गेली एवढे तरी.

खोबणीच्या कडेला बॉडीचे लाकूडही उघडे पडते. एकावर एक थर दिसले तर ते प्लायवूड. स्वस्तातील जपानी गिटारींत ते सर्रास वापरले जाई. एकसंध, गुलाबीसर तपकिरी, मोठ्या छिद्रांचे आणि वजनाला हलके लाकूड दिसले, तर ते बहुधा लावान, ज्याला व्यापारात फिलिपीन महोगनी म्हणत. फेंडरने सहसा वापरलेल्या अल्डर आणि अ‍ॅश या लाकडांची छटा फिकट असते, हा फरक शेजारी ठेवून पाहिल्यास लगेच डोळ्यांत भरतो.

यानंतर पुढचा पत्रा उचलून पॉट, म्हणजे आवाजाची बटणे ज्यांवर बसतात ते भाग, पाहायचे. येथे मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांची निनावी गिटार माझ्याकडे आली. पॉटच्या पाठीवर १३७ ६४३८ असा आकडा होता. अमेरिकी पद्धतीत पहिले तीन अंक कंपनीचे, १३७ म्हणजे सीटीएस, पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १९६४ चा अडतिसावा आठवडा. मी मोठ्या ऐटीत ‘अमेरिकी, १९६४’ असे कागदावर लिहून दिले. महिन्याभराने तीच गिटार दुसऱ्या कामासाठी परत आली, तेव्हा नीट पाहिले तर पॉट बसवण्यासाठी पत्र्यातील भोक कानशीने मोठे केलेले होते आणि सोल्डरच्या डागांखाली जुन्या डागाचा काळा थर होता. पॉट कोणीतरी जुन्या अँप्लिफायरमधून काढून येथे बसवला होता. जपानी पॉटचा दांडा सहसा ६ मिलिमीटरचा आणि अमेरिकी पाव इंचाचा, म्हणजे सुमारे ६.३५ मिलिमीटरचा असतो. हा फरक मी कॅलिपर लावून आधीच मोजला असता, तर तो कागद लिहिलाच नसता. तेव्हापासून मी सोल्डरकडे आधी पाहतो आणि आकड्यांकडे नंतर. कारखान्याचा डाग लहान, गोल आणि सर्वत्र एकसारखा असतो. नंतरच्या हाताचा डाग फुगीर, करडा आणि पसरलेला असतो, आणि तारेच्या आवरणावर कढलेल्या मेणासारखी खूण ठेवतो. मूळचाच असलेला पॉटदेखील गिटार त्या तारखेच्या आधीची नाही एवढेच सांगतो, कारण कारखान्यात पॉट वर्षवर्ष डब्यात पडून असत.

रंगाची परीक्षा करताना अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नका. त्याने जुना पातळ रंग विरघळून कायमचा डाग पडतो, आणि कळते ते फार थोडे. त्यापेक्षा नोटा तपासण्याचा जांभळा दिवा घ्या आणि अंधाऱ्या खोलीत गिटारीवर धरा. मागाहून मारलेल्या रंगाचे पट्टे, बुजवलेली भोके आणि चिकटवलेल्या चिरा मूळ रंगापेक्षा वेगळ्या उजळतात.

हे सर्व पाहिल्यावर दोन-तीन दूरच्या शक्यता राहतात, त्या मी थोडक्यात बाजूला करतो. सोव्हिएत संघातील आणि पूर्व युरोपातील गिटारींत जॅकच्या, म्हणजे अँप्लिफायरची तार जोडायच्या भोकाच्या, जागी पाच टोकांचे गोल भोक पुष्कळदा आढळते. आपल्या छायाचित्रात नेहमीचा जॅक आहे. झीरो फ्रेट जर्मनीच्या आणि इटलीच्या अनेक गिटारींतही असतो, पण मागे जपानचे नाव कोरून घेण्याचे त्यांना काही कारण नव्हते. आपल्याकडील गिटार म्हणावी, तर कोलकात्याच्या गिव्सनसारख्या नावांच्या गिटारींचे भाग निराळे असतात. येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही : १९८० च्या दशकाच्या अखेरीस फेंडरने स्क्वायर टू या नावाच्या काही गिटारी भारतातही बनवून घेतल्या होत्या, आणि हेडस्टॉकवर ‘मेड इन इंडिया’ पाहून ती बनावट आहे असे ठरवून मातीमोल भावाने विकलेली एक मी स्वतः पाहिली आहे.

आपल्या गिटारीबाबत ‘टेइस्को, जपान, साधारण १९६६ ते १९६९’ असे लिहायला माझी हरकत नाही. त्याहून नेमके साल लिहून देणारा कोणी भेटला, तर त्याने ते कशावरून काढले हे अवश्य विचारा, कारण क्रमांक नसलेल्या या गिटारींत बाहेरून तो पुरावाच नसतो. विमा किंवा विक्री यांसाठी कागद हवा असल्यास त्यावर साल न लिहिता प्रत्येक भागाची स्थिती लिहावी : कोणते मूळ, कोणते बदललेले. टेइस्कोच्या चाहत्यांना पिकअप आणि रेघांचा पत्रा मूळचा आहे का, याचेच जास्त अगत्य असते. गंजलेले स्क्रू बदलले तर जुने एका पुडीत घालून गिटारीच्या पेटीतच ठेवा.

आता हेडस्टॉकवरची ती दोन भोके. पट्टी जेथे वर्षानुवर्षे बसली होती तेथील रंगाला ऊन आणि धूर लागलेला नसतो, म्हणून पट्टीच्या आकाराची फिकट सावली तेथे उरलेली असू शकते. संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च हेडस्टॉकच्या कडेला जवळजवळ आडवी धरा आणि समोरून न पाहता तिरके पाहा. दोन भोकांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ठेवा आणि सावलीचे छायाचित्र घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. ते अंतर आणि तो आकार टेइस्को, ऑडिशन, किंग्स्टन यांच्या पट्ट्यांशी ताडून पाहिला, तर आजोबांना ती कोणत्या नावाने विकली गेली हेही कळण्यासारखे आहे. ते छायाचित्र मला पाठवा.